दाराच्या पोटातलं पाणी

ब्रेक दाबला की डाव्या दारात पाणी डचमळायचं. चिपळूणचा जुलै, घरात सगळ्यांनी काचेच्या रबराला दोषी धरलं. गॅरेजमधल्या मामांनी रबराकडे पाहिलंसुद्धा नाही. उकिडवे बसले, दाराच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं आणि एका जागी तार खुपसली. आधी चिखल आला, मग भळाभळा गढूळ पाणी.

"पाणी आत जाणारच. बाहेर पडायची वाट मोकळी ठेवा म्हणजे झालं," मामा म्हणाले.

काचेच्या कडेचं रबर सगळा पाऊस अडवत नाही. थोडं पाणी काचेला धरून दारात उतरतं, तळाच्या भोकांतून गळून जातं. भोकं बुजली तर पत्रा आतून सडतो. बाहेर रंगाला फुगे आले म्हणजे बराचसा पत्रा गेलेलाच असतो. गंमत अशी की गंज लागू नये म्हणून खालून मारलेलं कोटिंगही कधीकधी याच भोकांवर बसतं. कोटिंग करून घेतलं की तार फिरवायची, हे मी तेव्हापासून पाळते.

खरा ताप वायपरखालच्या पन्हळीचा. आमची गाडी गुलमोहराखाली असते. त्याची चिमुकली पानं जाळीतून आत जातात आणि भिजून लगदा होतो. मग तुंबलेलं पाणी ब्लोअरच्या वाटेने आत येतं, मॅट ओली होते आणि कुबट वास सुटतो. पावसाआधी बोनेट उघडून हाताने लगदा काढते. नुसता पाण्याचा फवारा मारला तर तो आणखी आत सरकतो.

मे महिन्यातही मॅट ओली दिसली तर मात्र एसीच्या नळीवर संशय घ्यावा. एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकत नसेल, तर ते आत साचतंय. डिकीत स्टेपनीखालची रबरी बुचं वेगळी. ती घट्ट बसलेलीच हवीत, नाहीतर रस्त्यावरचं पाणी उलट वर येतं.

शेजारच्या काकांनी सनरूफच्या नळ्यांमध्ये पंक्चरवाल्याकडून जोरात हवा मारून घेतली. एक नळी आतल्या सांध्यातून सुटली आणि पाणी छताच्या कापडात मुरलं. कपभर पाणी हळूच ओतून ते चाकाजवळ गळतंय का, एवढं बघितलं असतं तरी पुरे होतं. आता काका सनरूफ उघडतच नाहीत. पण बंद सनरूफच्या कडेनेही पाणी उतरतंच, हे त्यांना अजून पटलेलं नाही.