पऱ्हाटीच्या गावची लोकर

१४ मे, यवतमाळ

बाहेर पारा ४४ वर, कूलर धापा टाकतोय आणि मी आरशासमोर लोकरी टोपी घालून उभी. नात हसून लोळली. "आजी, तुला ऊन लागलंय!"

पुढच्या महिन्यात आमचा वीस जणांचा ग्रुप स्वित्झर्लंडला निघतोय. तिथल्या युंगफ्राउयोख या डोंगरावरच्या रेल्वे स्थानकाची उंची ३,४५४ मीटर. तिथं जूनमध्येही बर्फ. सहलवाल्यांनी बजावलंय, आत सुती बनियन नको. घामानं भिजलेलं सूत लवकर वाळत नाही, अंग गार पाडतं. आत थर्मल, त्यावर लोकर, वरून वारा अडवणारं जॅकेट. जन्मभर पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, जिवावर जगलेल्या घराला हे ऐकावं लागलं!

तिथं वर नेणारी रेल्वे १९१२ मध्ये पूर्ण झाली. आमची शकुंतला रेल्वेही त्याच काळातली. इथला कापूस मूर्तिजापूरला न्यायची. शकुंतला थांबली, तिथली अजून डोंगर चढतेय.

जवसाची चटणी बॅगेत गेली. आईची गोधडी मात्र वजनात बसेना. रुमाल तेवढे सहाही सुतीच घेतले. थंडीत नाक वाहणारच. नाक पुसायला लोकर काय कामाची?