बुटांची भेट

शेणव्याकडील वाड्यांवरच्या मुलांना शर्यतीसाठी बूट द्यावेत, अशी बोलणी आमच्या धर्मग्रामात चालू आहेत. विचार चांगलाच आहे. परंतु ती मुले धावतात कशी, हे आधी पाहावे, असे आम्हांस वाटते.

कापणीनंतरच्या भातखाचरांत धसकटे उरतात. त्यांतून धावताना मुलांचा चवडा आधी टेकतो, टाच मागाहून आणि हलकेच. ही ढब कठीण जमिनीनेच त्यांना शिकविली आहे. हार्वर्डचे डॅनियल लीबरमन व त्यांचे सहकारी यांनी 2010 साली 'नेचर'मध्ये याची कारणमीमांसा केली. अनवाणी वाढलेले धावपटू बहुधा चवड्यावर किंवा पावलाच्या मध्यावर उतरतात. त्यामुळे जमिनीचा हिसका एकदम हाडांत शिरत नाही. जाड टाचेच्या बुटांत मनुष्य टाचेवर आदळू लागतो. मात्र चवड्यावर धावले म्हणून भार नाहीसा होत नाही. गुडघ्याचा काही भार पोटरी आणि टाचेमागची जाड शीर उचलते. म्हणूनच बुटांची सवय असलेल्याने हौसेने ते एकदम काढले, तर पोटऱ्या धरतात, पावलाच्या हाडांना चीरही जाते. तसेच अनवाणी मुलाला शर्यतीच्या आदल्या दिवशी जड बूट देणे, ही कसली मेहेरबानी!

इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने 1960 साली रोमला अनवाणी मॅरेथॉन जिंकली, हे सर्वांना ठाऊक असते. 1964 साली टोकियोला तो बूट घालून जिंकला आणि तीन मिनिटे लवकर पोहोचला, हे फारसे कोणी सांगत नाही. आपल्या नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याची कविता राऊत हिने धावणेच निवडले, कारण त्याला साहित्य लागत नाही, अनवाणीही धावता येते. 2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने 10,000 मीटरमध्ये कांस्यपदक मिळविले. तिचा अभिमान आहेच. परंतु पायांत काही नसण्याचे कौतुक करताना आमची जीभ अडखळते. पावसाळ्यात बांधावर साप असतो. दूषित चिखलातून अंकुशकृमी उघड्या तळव्याच्या कातडीतून आत शिरतो आणि रक्त शोषतो. त्या मुलाचा दम कोणत्या ढबीने भरून यावा?

तेव्हा बूट द्यावेतच. पण हलके, पातळ तळाचे, प्रत्येकाच्या पावलाचे माप घेऊन. शर्यती जानेवारीत आहेत. दिवाळी संपताच ते पोहोचले, तर पायांना ओळख करून घ्यायला दोन महिने मिळतील.