आमच्याकडेही परवाना नव्हता

तेव्हा मी २३ वर्षांचा होतो. ऑफिस सुटल्यावर मी आणि माझा रूममेट वाइन शॉपमधून दोन बिअर घेऊन मुंबईतल्या समुद्राकाठच्या एका कट्ट्यावर बसलो होतो. ओपनर नव्हता. शेजारी एक माणूस एकटाच बसलेला. पँटवर रंगाचे डाग, हातात प्लास्टिकचा ग्लास, बाजूला क्वार्टर. त्याने आमची बाटली मागून घेतली, लायटरच्या बुडाने झाकण उडवलं आणि शेंगदाण्यांची पुडी पुढे सरकवली.

जालन्याकडचा होता. बिल्डिंगा रंगवायचा. "खोलीत नऊ जण आहोत दादा. तिथं कुठं बसू? म्हणून इथं येतो."

अर्ध्या तासाने पोलिसांची गाडी आली. हवालदाराने टॉर्च आधी आमच्या तोंडावर मारला, मग माझ्या गळ्यातल्या आयकार्डवर.

"शिकलेली पोरं ना तुम्ही? शोभतं का हे? ओता ती बाटली आणि घरी जा."

आम्ही ओतली. मग टॉर्च त्याच्याकडे वळला. "तू ऊठ. बस गाडीत."

"साहेब, गप बसलोय. कुणाला काय बोललो नाय." मग तो माझ्याकडे वळला. "दादा, तुम्ही तरी सांगा."

मी काहीच बोललो नाही. बोललो तर आपल्यालाही नेतील, घरी फोन जाईल, ऑफिसात कळेल, एवढंच डोक्यात होतं. गाडी गेली. शेंगदाण्यांची पुडी कट्ट्यावरच राहिली.

नंतर कधीतरी कायदा वाचला. आपल्याकडचा दारूबंदी कायदा १९४९ चा. महाराष्ट्रात दारू विकत मिळते, पण प्यायला परवाना लागतो. बिअरसाठी वय २१, व्हिस्की-रमसाठी २५. मला आजवर एकाही दुकानात कुणी परवाना विचारलेला नाही. म्हणजे त्या रात्री कट्ट्यावर बसलेले आम्ही तिघेही गुन्हेगारच होतो. फरक फक्त आयकार्डाचा होता.

उघड्यावर पिण्याला बंदी नकोच, असं मी म्हणणार नाही. पिऊन धिंगाणा घालणारी टोळकी मीही पाहिलीत. माझी बहीण रात्री त्या कट्ट्यावरून जायचं टाळते. पण दुकान क्वार्टर विकतं, परमिट रूममध्ये तीच दारू बऱ्याच जास्त पैशांत मिळते आणि नऊ जणांच्या खोलीत बसायला जागा नसते. मग त्याने ती प्यायची कुठे? ज्याच्याकडे चार भिंती आहेत, त्याला हा प्रश्न पडत नाही. मलाही आता पडत नाही. वन बीएचके भाड्याने घेतलंय. शुक्रवारी मित्र येतात, परवाना अजूनही काढलेला नाही आणि दार वाजलं तरी कुणी दचकत नाही.

त्याचं पुढे काय झालं, माहीत नाही. नावही विचारलं नव्हतं. "साहेब, आम्ही तिघं एकत्रच बसलो होतो," एवढं एक वाक्य पुरलं असतं की नाही, तेही माहीत नाही. ते बोलायला हवं होतं, एवढं मात्र माहीत आहे.