क्षेत्रफळाचा हिशेब

बंद भांड्यातील वायूची एन्ट्रॉपी, म्हणजे बाह्य अवस्था तीच राहूनही आतील कणांच्या किती रचना संभवतात याचे माप, भांड्याच्या आकारमानाबरोबर वाढते; कृष्णविवराची एन्ट्रॉपी मात्र त्याच्या क्षितिजाच्या, म्हणजे ज्याच्या आतून प्रकाशही बाहेर येऊ शकत नाही त्या सीमेच्या, क्षेत्रफळाबरोबर वाढते, असे याकोब बेकेनस्टाइन यांनी १९७२-७३ मध्ये मांडले आणि स्टीफन हॉकिंग यांच्या १९७४ मधील गणिताने त्यातील गुणांक, एक चतुर्थांश, निश्चित झाला. उत्तर हाती आले, पण नेमके काय मोजले गेले हे कोणालाच सांगता येत नव्हते. आणि सैद्धांतिक भौतिकीत मुरलेला गणिती अशा आयत्या उत्तरावर विसंबत नाही, ते दुसऱ्या वाटेने मोजून पाहतो. स्ट्रॉमिंजर आणि वाफा यांनी १९९६ मध्ये स्ट्रिंग सिद्धांताच्या आधारे एका खास प्रकारच्या कृष्णविवराच्या सूक्ष्म अवस्था मोजल्या, तेव्हा तोच गुणांक निघाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दीर्घकाळ काम केलेल्या अतीश दाभोळकर यांनी पुढे ही मोजणी क्षेत्रफळापलीकडील सूक्ष्म दुरुस्त्यांपर्यंत नेली.

माहितीशास्त्राची हत्यारे या कामात खऱ्या अर्थाने आली ती २००६ मध्ये. हुआन माल्दासेना यांच्या १९९७ च्या प्रतिपादनानुसार विशिष्ट वक्र अवकाशातील गुरुत्वाकर्षण हे त्याच्या सीमेवरील गुरुत्वविरहित क्वांटम सिद्धांताशी समतुल्य असते. याच समतुल्यतेच्या आधारे र्‍यू आणि ताकायानागी यांनी २००६ मध्ये दाखवले की, सीमेचा एक भाग उरलेल्या भागाशी किती एन्टँगल झाला आहे, म्हणजे दोहोंच्या अवस्था एकमेकींपासून सुट्या सांगणे किती अशक्य आहे, याचे माप आतल्या अवकाशातील लघुतम पृष्ठाच्या क्षेत्रफळातून मिळते. कृष्णविवरासाठी सापडलेले सूत्र त्याच गुणांकासह कृष्णविवर नसलेल्या जागीही लागू पडले, ही या विषयातील सर्वांत विस्मयकारक गोष्ट होय. अल्महैरी, डाँग आणि हार्लो यांनी २०१४ मध्ये आणखी एक दुवा जोडला: क्वांटम संगणकातील चूक-दुरुस्तीच्या संकेतात माहिती अशी विखरून ठेवतात की तीन कणांपैकी कोणताही एक गमावला तरी उरलेल्या दोहोंतून ती परत मिळते, आणि आतल्या अवकाशातील माहितीही सीमेवर तशीच विखुरलेली असते.

यावरून अवकाश हे एन्टँगलमेंटपासूनच विणले गेले आहे असे सरसकट म्हटले जाते, ते घाईचे आहे. ही गणिते ज्या अवकाशात पक्की उभी आहेत, त्याचा विश्वस्थिरांक, म्हणजे रिकाम्या अवकाशाच्या अंगभूत ऊर्जेचे माप, ऋण आहे. दूरच्या सुपरनोव्हांच्या १९९८ मधील निरीक्षणांनुसार आपल्या विश्वाचा तो धन आहे, आणि अशा विश्वाची सीमा कोठे मानावी याचे सर्वमान्य उत्तर अद्याप मिळालेले नाही.