ब्रेक नसलेली गाडी आणि सव्वातीन किलोंचा नांगर

मी वीकएण्डला स्पीडबोटवर असते हे ऑफिसात कुणाला कळलं, की पहिला प्रश्न ठरलेला. ‘किती पळते गं?’ मी म्हणते, समुद्र सपाट असेल तर चाळीस नॉट्स, म्हणजे ताशी पंचाहत्तर किलोमीटरच्या आसपास. समोरच्याचे डोळे लगेच चमकतात. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर रोज सकाळी ताशी पंधराने सरकणाऱ्या माणसाला हा आकडा म्हणजे स्वर्गच! पण ती थांबते कशी, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही.

बोटीला ब्रेक नसतो, बॉस. रिव्हर्स टाकून वेग मारता येतो, पण त्यासाठी इंजिन चालू हवं. आणि इंजिनच बंद पडलं तर? गाडी बंद पडली की निदान तिथेच उभी राहते. ढकलून साइडला घ्या, पार्किंग लाइट लावा, मेकॅनिक येईपर्यंत कटिंग मारा. पाण्यात बंद पडलेली बोट उभी राहत नाही, ती निघते. ओहोटी ओढेल तिकडे, वारा ढकलेल तिकडे. अशा वेळी तिला जागेवर धरून ठेवणारी एकच वस्तू बोटीवर असते, ती म्हणजे नांगर.

बोट अर्थातच माझी नाही. (माझ्या पगारात फार तर तिचं ताडपत्रीचं कव्हर येईल.) कॉलेजमधल्या एका मित्राची आहे. सेकंडहॅण्ड, सव्वीस फुटी, मागे दोनशे हॉर्सपॉवरची दोन आउटबोर्ड इंजिनं, आणि लाट कापायला खालून खोल व्ही आकार. गेटवे ते मांडवा सरळ रेषेत चौदाएक किलोमीटर. सकाळी समुद्र शांत असला, तर चहा गार व्हायच्या आत पलीकडे. पेट्रोल चौघांत वाटून. खातीही वाटून घेतली आहेत. मालकाकडे स्टिअरिंग, एकाकडे म्युझिक, एकीकडे सॅण्डविचेस आणि माझ्याकडे दोर-नांगर. मेकॅनिकल इंजिनीअर असल्याचा भुर्दंड!

बोट आली तेव्हा तिच्याबरोबर दहा किलोंचा एक गंजका लोखंडी नांगर आला होता. पुढच्या कप्प्यात नुसताच टाकलेला. मालकाला तो बदलायचा होताच, पण त्याच्या डोक्यात होता स्टेनलेसचा, आरशासारखा चकाकणारा नांगर. बोटीच्या नाकावर, रोलरवर, मोठ्या यॉट्सवर दिसतो तसा. फोटोत जाम भारी दिसतं ते, मान्य! पण आपली बोट लाटेवरून उडते आणि दणकन खाली आपटते. नाकाच्या टोकाला लटकवलेलं दहा किलोंचं लोखंड प्रत्येक आपटीला किती पट जोराने ओढत असेल, याचा विचार करा. शिवाय अशा बोटीचं सगळं गणित वजनावर चालतं. नाक जड झालं की ती पाण्यावर उचलायला कुरकुरते आणि लाटेत तोंड खुपसते. या मुद्द्यावर आमची तीन वीकएण्ड भांडणं झाली.

या भांडणांपायी मी इतकं वाचलं, की नांगरावर पीएचडी झाली असती. सगळ्यात भारी गोष्ट अशी, की चांगला नांगर वजनाने धरत नाही. तो तळात घुसतो आणि त्याच्या पात्यावर आलेली माती त्याला धरून ठेवते. आपल्या भाषेला हे आधीपासून ठाऊक असावं. शेतातला नांगर आणि बोटीचा नांगर, शब्द एकच! ब्रिटनमध्ये जेफ्री टेलर नावाच्या शास्त्रज्ञाने १९३३ साली अक्षरशः शेतातल्या नांगराच्या फाळासारखा दिसणारा नांगर काढला. कशासाठी? पाण्यावर उतरणाऱ्या विमानांसाठी. विमानाला वजन परवडत नाही, म्हणून हलका पण घुसणारा. पुढे अमेरिकेत रिचर्ड डॅनफर्थने दोन रुंद, चपट्या पात्यांचा नांगर केला. दुसऱ्या महायुद्धात किनाऱ्यावर सैनिक उतरवणाऱ्या बोटी असा नांगर मागे टाकून पुढे वाळूत घुसायच्या आणि नंतर त्याच्याच दोराला ओढत स्वतःला पाण्यात परत न्यायच्या.

मुंबई बंदराचा तळ बहुतेक ठिकाणी चिखलाचा आहे. मऊ, काळा, वास मारणारा चिखल. त्यात रुंद पातीच हवीत. म्हणून मी डॅनफर्थच्या जातीतला, पण अ‍ॅल्युमिनियमचा ‘फोर्ट्रेस’ सुचवला. त्याची पाती दोन कोनांत बसवता येतात. वाळूसाठी ३२ अंश, मऊ चिखलासाठी ४५. आमच्या लांबीला त्यातला छोटाही चालला असता, मी मुद्दाम एक साइज मोठा घेतला. एफएक्स-११, वजन फक्त सव्वातीन किलो. मालकाने तो एका हाताने उचलला आणि म्हणाला, ‘हे काय? कपडे वाळत घालायचं स्टॅण्ड आहे का?’

मग आम्ही निकाल तांडेलकाकांवर सोडला. हे थळचे, आयुष्य समुद्रावर गेलेलं, आणि आठवडाभर आमच्या बोटीवर लक्ष ठेवतात. त्यांनी नांगर हातात घेऊन फिरवला, पाती हलवून बघितली. म्हणाले, ‘ताई, चिखलात हा सोडणार नाही. पण खडकात टाकू नका. आणि भरती फिरली की बघत राहा, उलटा ओढ बसला तर निघेल.’ तीन वाक्यांत सगळं मॅन्युअल! हलक्या नांगराची आणखी एक खोड मला नंतर कळली. बोट चालत असताना तो फेकला, तर पतंगासारखा पाण्यात तरंगत मागे येतो, तळाला लागतच नाही. म्हणून बोट पूर्ण थांबू द्यायची आणि हळूहळू सोडायचा.

नांगराइतकाच दोर महत्त्वाचा. नागदेवी स्ट्रीटवर साखळी आणि शॅकल मिळालं. तीन मीटर, ८ मिलिमीटरची गॅल्व्हनाइज्ड साखळी (ती नांगरापेक्षा जड निघाली, मालक हसून हसून लोळला). ती दांड्याला खाली ओढून ठेवते, म्हणजे पाती वर उचकटत नाहीत. शॅकलची पिन तारेने बांधून टाकायची, नाहीतर हादऱ्यांनी ती आपोआप फिरते. दोर नायलॉनचाच. दुकानात स्वस्त मिळणारा निळा-हिरवा प्लास्टिकचा दोर पाण्यावर तरंगतो आणि स्वतःच्याच पंख्यात अडकतो. नायलॉन बुडतो, शिवाय ताणला जातो, त्यामुळे धक्का खातो.

आणि लांबी? इथे भलेभले फसतात. पाणी पाच मीटर, म्हणून दहा मीटर दोर पुरे, असं नसतं. पाण्याची खोली अधिक बोटीच्या नाकाची उंची, त्याच्या सातपट सोडायचा. ओढ आडवी बसली तरच नांगर घुसतो. मुंबईत तर भरतीचंही गणित मांडावं लागतं. पावसाळ्यात पेपरात ‘साडेचार मीटरच्या वर लाटा’ वगैरे येतं ना, तो आकडा बऱ्याचदा लाटांचा नसून भरतीच्या पाण्याच्या उंचीचा असतो. उधाणाच्या दिवशी ओहोटीला चार मीटर पाण्यात नांगर टाकून तुम्ही झोपलात, तर भरतीला तिथेच आठ मीटर असू शकतं. म्हणून आमचा दोर साठ मीटर.

आता तो ठेवायचा कुठे? माझं खरं डोकं इथे पिकलं. कप्प्यात सुटा ठेवलेला नांगर चाळीस नॉट्सला हातोडा होतो. जुन्या नांगराने कप्प्याच्या आतलं फायबर असं ठेचलं होतं, की आणखी एका सीझनमध्ये आरपार भोक! आम्ही कप्प्यात नांगराच्या आकाराचे दोन रबरी खाचे बसवले, वरून बकलचा पट्टा. बंजी कॉर्ड नाही हं, ती ताणते आणि सोडते. साखळीखाली रबरी मॅट. दोर गोल गुंडाळून न ठेवता बादलीत हाताने सोडत सोडत भरायचा, म्हणजे पडला तसाच गुंता न होता बाहेर येतो. त्याचं शेवटचं टोक आत कडीला पक्कं बांधलेलं. झाकणाला दोन कड्या, कारण एक केव्हातरी उघडतेच.

‘मग पिशवीत घालून सीटखाली ठेवू ना, सुटा करून,’ मालक म्हणाला. हा नांगर नट-बोल्ट काढून सपाट होतो, ते खरं. पण लागेल तेव्हा पाना शोधत बसायचं का? मी स्टॉपवॉच लावून बघितलं. झाकण उघडण्यापासून नांगर पाण्यात जाईपर्यंत पस्तीस सेकंद. त्याहून जास्त वेळ लागणारी जागा मी मान्य करणार नव्हते.

फेब्रुवारीतला रविवार. मांडव्याहून परत निघालो तेव्हा सूर्य मावळत होता. बोटीवर मित्राची बहीण आणि तिची सात वर्षांची मुलगीही होती. दहा मिनिटांनी एक इंजिन खोकलं, मग दुसरं. पेट्रोलमध्ये पाणी होतं आणि टाकी दोघांना एकच. ओहोटी जोरात. बोट नैर्ऋत्येला, खांदेरीच्या दिशेने सरकायला लागली. खांदेरी म्हणजे १६७९ साली मायनाक भंडारींनी इंग्रजांच्या नाकावर टिच्चून राखलेला किल्ला, २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेला. फोटोला मस्त. पण रात्री इंजिनाशिवाय त्या भागातल्या खडकांकडे जाणं मस्त नाही. आणि आमच्या दुसऱ्या बाजूला मोठ्या जहाजांचा मार्ग.

मित्र पुन्हा पुन्हा चावी फिरवत होता. मी पुढे गेले. खोली सहा मीटर. नाकावरून नांगर हळूहळू सोडला. मागून कधीच टाकायचा नाही, मागची बाजू बुटकी असते, लाट थेट आत येते. पन्नासेक मीटर दोर दिला, खुंट्याला बांधला. काही क्षण काहीच नाही. बोट आपली सरकतेच आहे. मग दोर ताणला, थरथरला, बोटीचं नाक वळलं आणि पाणी आमच्या दोन्ही बाजूंनी वाहायला लागलं. मी जेटीवरचा दिवा आणि त्याच्या मागचा टॉवर एका रेषेत धरून बघत राहिले. रेष हलली नाही.

मित्राने तोवर तांडेलकाकांना फोन लावला होता, व्हीएचएफवर चॅनल १६ ऐकत होता. कोस्ट गार्डचा १५५४ डायल करून ठेवलेला, पण गरज पडली नाही. नांगरलेल्या बोटीने रात्री लावायचा पांढरा दिवा लावला. पोरगी इतका वेळ आईच्या कुशीत गप्प होती. तिने मान वर काढली. ‘मावशी, आपण पार्क केलंय का?’

‘हो.’

‘मग सॅण्डविच?’

दीड तासाने काका मच्छीमारी होडी घेऊन आले. आमच्या नाकाला दोर बांधून झाला, पण नांगर काही निघेना. दोर उभा करून तिघांनी ओढला तेव्हा कुठे वर आला, दोन्ही पात्यांवर पाटीभर काळा चिखल घेऊन. मित्राने तो स्वतःच्या हाताने धुतला आणि पट्टा दोनदा तपासला. ‘कपड्यांचं स्टॅण्ड’ हा शब्द त्यानंतर ऐकू आलेला नाही. स्टेनलेसवाला मात्र त्याने शेवटी घेतलाच! तो त्याच्या वरळीच्या फ्लॅटमध्ये असतो, बाल्कनीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून.

पावसाळ्यात बोट वर काढतात. गेल्या जूनमध्ये साठ मीटर दोर गोड्या पाण्यात धुऊन मी मुलुंडला घरी आणला आणि बाल्कनीभर वाळत घातला. समोरच्या काकू दोन दिवस बघत होत्या. तिसऱ्या दिवशी राहवलं नाही. ‘अगं, एवढा दोर? तुमच्याकडे पाळणा-बिळणा बांधायचाय की काय?’

आई जी बाहेर आली ती आली. नांगराचं सगळं काकूंना तिनेच सांगितलं, पस्तीस सेकंदांसकट.