मुळशीत ऊब विकताना

माझ्या संशोधनाच्या पहिल्या अहवालात एक तक्ता होता. साठवायला दिलेल्या शंभर युनिट विजेतून किती परत हाती लागतं, याचा. डावीकडच्या रकान्यात उदंचन, म्हणजे पाणी खालून वर चढवून ठेवायचं आणि हवं तेव्हा पुन्हा खाली सोडायचं, तिथे ७६. उजवीकडे हायड्रोजन, तिथे ८६. हा तक्ता मी एका परिषदेत पडद्यावर दाखवला. लोक खूश झाले, मीही झाले, आणि पुढे बरेच दिवस तो ८६ माझ्या नावानं फिरत राहिला. खरा आकडा तिशीच्या आसपासचा आहे. मधले छप्पन्न कुठून आले ते सांगते.

आधी जागा. मुळा आणि निळा या नद्यांचं पाणी मुळशीच्या धरणात अडतं. निसर्गानं ते पूर्वेला, पुण्याकडे धाडलं होतं. माणसानं ते बोगद्यातून पश्चिमेला वळवलं. ताम्हिणीच्या अलीकडे सह्याद्रीची कड, तिच्या पायथ्याशी रायगड जिल्ह्यातलं भिरा. पाणी साधारण पाचशे मीटर खाली कोसळतं, टर्बाइन फिरवतं आणि कुंडलिकेत जातं. टाटांचं खोपोलीचं वीजघर १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं, भिऱ्याचं १९२७ चं. भिऱ्याची क्षमता आज ३०० मेगावॅट आहे. त्यातला १५० मेगावॅटचा एक संच उलटाही फिरतो: रात्री किंवा दुपारी वीज स्वस्त असली की खालचं पाणी पुन्हा मुळशीत चढवतो. पाचशे मीटरांवरून उतरणारं एक घनमीटर पाणी साधारण सव्वा युनिट वीज देतं. म्हणजे एक टीएमसी पाण्यात तीन कोटींहून जास्त युनिटं. इतकी मोठी बॅटरी घाटात आयती पडलेली असताना मी तिच्याशेजारी हायड्रोजन उभा करायला निघाले होते.

का निघाले, हेही लपवण्यात अर्थ नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात हायड्रोजन फ्युएल सेलवर चालणारी देशी बनावटीची बस दाखवली गेली. केपीआयटी आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं ते काम. जानेवारी २०२३ मध्ये केंद्रानं १९,७४४ कोटींचं राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केलं. विषयात हायड्रोजन असला की प्रस्ताव वाचला जाई, नुसतं उदंचन लिहिलं की 'हे तर जुनंच' असा चेहरा समोर येई. मला हायड्रोजन जिंकायला हवा होता. हे त्या वेळी मी स्वतःशीही कबूल केलं नव्हतं.

पहिली चूक विद्यार्थ्याला शोभावी अशी आहे आणि मी तेव्हा विद्यार्थी राहिले नव्हते. हायड्रोजन जाळला की पाण्याची वाफ होते. त्या वाफेतली उष्णता मोजली तर किलोमागे ३९.४ युनिटं ऊर्जा भरते. वाफ तशीच उडून गेली असं धरलं तर ३३.३. दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त एका गणितात एकच वापरायचा असतो. पाण्यातून हायड्रोजन वेगळा करणाऱ्या इलेक्ट्रोलायझरला किलोमागे ५२ युनिटं लागतात. मी ३९.४ ला ५२ नं भागून ७५ टक्के लिहिले. फ्युएल सेलच्या माहितीपत्रकावर कार्यक्षमता ५० टक्के होती, पण ती ३३.३ धरून काढलेली. मी ७५ आणि ५० चा गुणाकार करून ३७.५ मांडले. सरळ मोजायचं तर ५२ युनिटं घातली आणि साडेसोळाच्या वर थोडी परत आली: ३२ टक्के. टाकीत भरण्यासाठी गॅस दाबायला दोन-तीन युनिटं आणखी जातात, की झाले ३०. एका भागाकारात वरची फूटपट्टी आणि दुसऱ्यात खालची, त्यात गॅस दाबायची वीज धरलीच नाही, आणि साडेसात टक्के हवेतून निर्माण झाले.

तरी साडेसदतीस म्हणजे शहाऐंशी नव्हेत. उरलेली मजल उष्णतेनं मारली.

इलेक्ट्रोलायझर चालताना तापतो, फ्युएल सेलही तापतो, आणि दोन्हींचं थंडाव्याचं पाणी साठ-सत्तर अंशांचं बाहेर पडतं. डेन्मार्कमध्ये हे पाणी म्हणजे पैसा. तिथली सुमारे दोन तृतीयांश घरं गावभर पसरलेल्या गरम पाण्याच्या जाळ्याला जोडलेली आहेत. वीजकेंद्रांची, कचरा जाळणाऱ्या भट्ट्यांची उष्णता त्या नळांतून थेट दिवाणखान्यात जाते. माझं संगणकी मॉडेल तिकडच्या एका संशोधनावर बेतलेलं होतं. मी त्यातली हवामानाची फाइल बदलली, सौर विजेची बदलली, विजेच्या दरांची बदलली. उष्णतेच्या मागणीची फाइल तशीच राहिली. त्यामुळे भिऱ्याच्या वीजघराशेजारी मी कागदावर उभारलेल्या २० मेगावॅटच्या प्रकल्पाला वर्षभर उष्णतेचं गिऱ्हाईक मिळत होतं. आलेख पाहिला नव्हता असंही नाही. जानेवारीत मागणी वर, जुलैत खाली. जानेवारीत थंडी असते, जुलैत पाऊस. मला तो आलेख अगदी ओळखीचा वाटला. विकलेल्या उष्णतेचे एकोणपन्नास टक्के साडेसदतीसात मिळवले आणि हायड्रोजननं उदंचनाला दहा टक्क्यांनी हरवलं.

ज्या भिऱ्यात २८ मार्च २०१७ ला ४६.५ अंश नोंदले गेले आणि देशभरच्या वर्तमानपत्रांत गावाचं नाव छापून आलं, त्या भिऱ्यात मी ऊब विकत होते.

हे मला संगणकानं सांगितलं नाही, परिषदेतल्या कोणी विचारलं नाही. जलविद्युत केंद्रात आयुष्य काढून निवृत्त झालेल्या एका इंजिनिअरांकडे मी पंपाबद्दलची माहिती विचारायला गेले होते. त्यांनी अहवाल चाळला, चष्मा कपाळावर सरकवला.

"मॅडम, हे गरम पाणी घेणार कोण?"

"स्थानिक वस्ती, उद्योग..." मी अहवालातलंच वाक्य म्हटलं.

"वस्ती म्हणजे पाटणूस, भिरा. चैत्रात दुपारी येऊन विचारा त्यांना. मी येतो बरोबर."

ते हसले नाहीत. मग त्यांनी दुसरं पान उलटलं. त्यावर माझ्या मॉडेलनं आखून दिलेलं भिऱ्याच्या संचांचं तासवार वेळापत्रक होतं. विजेला संध्याकाळी सहा ते दहा भाव चांगला, म्हणून सगळं पाणी तेव्हा सोडायचं. सकाळी संच बंद.

"सकाळचं पाणी कुठे गेलं?"

"सकाळी दर कमी असतो."

"कोलाडच्या राफ्टिंगवाल्यांना विचारलंत? रोह्याला, धाटावच्या कारखान्यांना?"

भिऱ्याहून सुटणाऱ्या पाण्यावर कुंडलिका वाहते. पर्यटकांना घेऊन सकाळी कोलाडच्या बाजूला ज्या रबरी होड्या उतरतात त्या या पाण्यावर तरंगतात, आणि खालच्या बाजूची औद्योगिक वसाहतही याच नदीवर आहे. माझ्या प्रोग्रॅमला ही नदी ठाऊकच नव्हती. टर्बाइनमधून बाहेर पडलेलं पाणी त्याच्या लेखी संपलेलं होतं. दीडशे मेगावॅट पूर्ण जोरात चालवायचे तर सेकंदाला साधारण ३५ घनमीटर पाणी लागतं. एवढा प्रवाह सकाळी शून्य आणि संध्याकाळी अंगावर, असं मी कुंडलिकेला सुचवत होते. शिवाय कृष्णेच्या खोऱ्यातून पश्चिमेला किती पाणी वळवायचं यावर पाणीतंटा लवादाची मर्यादा आहे, आणि मुळशीचं पाणी पुण्याला द्या ही मागणी अधूनमधून डोकं वर काढतेच. मी धरणाला तळ नसलेली टाकी समजून चालले होते.

आणखी एक रकाना त्यांनी दाखवला, जो नव्हताच. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. अशा वेळी पाण्यावरचे संच काही मिनिटांत भार उचलतात. त्या तयारीची किंमत माझ्या तक्त्यात कुठेच धरलेली नव्हती, आणि ती उदंचनाच्या बाजूनं पडली असती.

इथे मी घरी येऊन तक्ता खोडायला हवा होता. मी उष्णतेला गिऱ्हाईक शोधायला लागले. मला जास्त लाज वाटते ती या काळाची. आकडेमोडीतली चूक नजरचुकीनं होते. ही मी जागेपणी केली.

प्रथम प्रकल्प भिऱ्याहून उचलून घाटावर, मुळशीच्या काठाला ठेवला. तिथे हवा थंड. मग भात सुचला. मुळशी म्हणजे आंबेमोहोर, इंद्रायणी; कापणीनंतर भात वाळवायला उष्णता लागतेच की. पौडच्या पुढच्या एका शेतकरी काकांना मी ही कल्पना उत्साहानं ऐकवली. ते म्हणाले, "खळ्यावर ऊन पडतंय ना ताई. त्याचं काय बिल येतंय?" अवकाळी पाऊस आला तर, असं मी म्हटल्यावर मात्र ते थोडे थांबले, "त्या चार दिवसांपुरतं द्या." कापणीचा हंगाम काही आठवड्यांचा, पावसानं गाठलं तर गरज काही दिवसांची, आणि माझा प्रकल्प बारा महिने तापणारा. त्यात साठ अंशांच्या हवेत भात घाईनं वाळवला तर दाण्याला तडे जातात आणि गिरणीत कणी पडते. त्याला चाळीस-पंचेचाळीसच्या आसपासची सौम्य हवा लागते. आंबेमोहोराची कणी करून देणारा हायड्रोजन प्रकल्प कोणी उभारला नसता.

मग थंडावा सुचला. उष्णतेवर चालणारी शीतयंत्रं असतात, पुण्यातली थरमॅक्स ती बनवते. आणि हिंजवडी मुळशी तालुक्यातच येते. तिथल्या काचेच्या इमारतींना वर्षभर गारवा हवा. कागदावर फार देखणं दिसलं. पण ही यंत्रं नीट चालायला पाणी ऐंशी-नव्वद अंशांचं लागतं, माझं साठ-सत्तरचं. आणि धरणापासून हिंजवडीपर्यंत गरम पाण्याचे नळ न्यायचे तर पिरंगुटच्या वाहतुकीतून कित्येक किलोमीटर रस्ता खोदावा लागेल. त्या नळांचा खर्च मांडला आणि मी वही मिटली.

या सगळ्या आवृत्त्यांमध्ये एक ओळ शाब्दिक फेरफारसुद्धा न होता टिकून होती: 'जलाशय अस्तित्वात असल्याने नवीन विस्थापन शून्य.' तांत्रिकदृष्ट्या खोटी नाही. पण मुळशीच्या काठावर बसून 'विस्थापन' या शब्दापुढे शून्य लिहायला जी बेफिकिरी लागते, ती माझ्यात होती. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीला इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला, सेनापती बापटांनी त्यासाठी तुरुंग भोगला, आणि शेवटी पन्नासच्या आसपास गावांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. माझ्या संदर्भयादीत डेन्मार्कवरचे निबंध ढिगानं होते. मुळशी सत्याग्रहावर राजेंद्र व्होरा यांचं अख्खं पुस्तक आहे. ते मी हे सगळं झाल्यावर वाचलं. काठावरच्या वाड्यांत पिण्याच्या पाण्याचं काय, हेही आधी विचारलं नव्हतं. ती ओळ काढली. तिथे आता दोन परिच्छेद आहेत आणि ते मला अजून नीट जमलेले नाहीत.

परिषदेला दुरुस्ती कळवली. ती छापली गेली, पण दुरुस्ती कोण वाचतं? एका सादरीकरणात ८६ पुन्हा दिसला तेव्हा मी हात वर करून उठले आणि हा आकडा चूक आहे, तो माझाच आहे, असं सांगितलं. सादर करणारा तरुण माझ्यापेक्षा जास्त ओशाळला.

हायड्रोजन निरुपयोगी आहे असं यातून निघत नाही. संध्याकाळच्या दिव्यांसाठी वीज साठवायची असेल आणि शेजारी पाचशे मीटरांचा कडा असेल, तर तिथे त्याचं काम नाही. टाटा पॉवरनं ऑगस्ट २०२३ मध्ये शिरवट्याला १,८०० आणि भिवपुरीला १,००० मेगावॅटच्या उदंचनासाठी राज्य सरकारशी करार केला, तो काही हायड्रोजनवर राग धरून नव्हे. पण भिऱ्याच्याच जिल्ह्यात, अलिबागजवळ थळला खतांचा मोठा कारखाना आहे. तिथे अमोनियासाठी हायड्रोजन लागतो आणि तो नैसर्गिक वायूपासून काढला जातो. तिथे त्याची परत वीज करायची नसते, त्यामुळे फ्युएल सेलमध्ये निम्मी ऊर्जा गमावण्याचा प्रश्नच येत नाही. सध्या मी त्या बाजूचं काम करते आहे.

त्यासाठी जुनं मॉडेल पुन्हा उघडलं, तेव्हा पाण्याचं प्रकरण समोर आलं. ते मी मोठ्या अभिमानानं लिहिलं होतं. एक किलो हायड्रोजनला नऊ लिटर पाणी. २० मेगावॅटचा इलेक्ट्रोलायझर चोवीस तास चालला तर दिवसाला नऊ टनांच्या वर हायड्रोजन आणि त्यासाठी ८५ घनमीटरांच्या आत पाणी. धरणाच्या मानानं काहीच नाही, असा शेरा. आता उष्णता कोणी विकत घेत नाही म्हटल्यावर तिला कूलिंग टॉवरमधून हवेत सोडावं लागणार. इलेक्ट्रोलायझरची ती पाच मेगावॅट उष्णता घालवायला दिवसाला साधारण १८० घनमीटर पाण्याची वाफ होते, टॉवरमधलं क्षारांचं पाणी बदलावं लागतं ते वेगळं. म्हणजे हायड्रोजन बनवायला लागतं त्याच्या दुप्पट पाणी नुसतं तो बनवणारं यंत्र थंड ठेवायला. पंख्यांची आणि पंपांची वीजही आहे. हे सगळं मी खर्चाच्या बाजूला घातलं आहे, आणि पाण्याच्या प्रकरणाचा मसुदा या वेळी त्या निवृत्त इंजिनिअरांकडे आधी पाठवला आहे. त्यांचा एका ओळीचा निरोप आला: टॉवरचं क्षाराचं पाणी कुठे सोडणार, ते लिहिलेलं नाही.