मिठाचा दिवा

"तुम्ही केमिस्ट आहात, अंकासाठी काहीतरी उपयोगी लिहा," असे मला मंडळात गेली दोन वर्षे सांगण्यात येत आहे. संपादकांच्या मनात बहुधा हळदीचे औषधी गुण किंवा इथल्या नळाच्या पाण्यातले फ्लोराइड असा काही भारदस्त विषय असावा. मी मात्र लिहिणार आहे भांडी घासण्याच्या मशीनबद्दल. आपल्यापैकी पुष्कळांच्या स्वयंपाकघरात ते आहे, आणि "आमचं मशीन काही नीट घासत नाही बाई" हे वाक्य मी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात एकदा तरी ऐकते. मीही ते वर्षभर म्हणत होते. चूक कोणाची होती, ते पुढे येईलच.

आम्ही आधी पाच वर्षे ब्रेला भाड्याच्या घरात होतो. ब्रेचे पाणी विक्लोच्या डोंगरातले, राउंडवूडच्या वार्ट्री जलाशयातून येणारे. डब्लिन शहराला चांगले पाणी मिळावे म्हणून हा जलाशय 1860 च्या दशकात बांधला गेला. हे पाणी हलके, म्हणजे क्षार अगदी कमी असलेले. घरमालकाच्या जुन्या मशीनवर मिठाचा एक लाल दिवा कायम लागलेला असे. आम्ही त्याकडे पाच वर्षांत ढुंकूनही पाहिले नाही आणि भांडी लख्ख निघत. शाळेत आपण "सुफेन" आणि "दुष्फेन" पाणी शिकलो होतो ना, त्यातले हे सुफेन. पण सुख असले की त्याचे कारण कोण शोधतो?

2022 मध्ये आम्ही दक्षिण किल्डेअरमध्ये स्वतःचे घर घेतले. इथे जमिनीखाली चुनखडीचा दगड आहे. आयर्लंडचा मधला सगळा सखल भाग त्याच दगडावर बसलेला आहे. आमचे पाणी त्या दगडातून झिरपून विहिरींतून वर येते. नव्या घराला नवे मशीन घेतले. माहितीपुस्तिका आणि तिच्याबरोबरची छोटी पिशवी मी नीट खणात ठेवून दिली. मिठाचा दिवा लागला. मी दुर्लक्ष केले. सवय होतीच.

तीन-चार महिन्यांत काचेच्या पेल्यांवर पांढरी साय धरू लागली. मग वाट्यांच्या तळाशी भाताची शिते तशीच राहू लागली आणि ताटांच्या काठाला आमटीचा पिवळा ओघळ. मी गोळ्या बदलल्या. मग आणखी महागाच्या आणल्या. मग मशीनच्या नावाने खडे फोडले. ह्यांनी शांतपणे विचारले, "पुस्तिकेत काय लिहिलंय?" मी म्हणाले, "मला पुस्तिका नको शिकवूस." रसायनशास्त्रात पीएच.डी. झालेल्या बाईने गोळी कुठे घालायची हे का वाचावे!

त्या उन्हाळ्यात सासूबाई बार्शीहून तीन महिन्यांसाठी आल्या. आठवड्याभरातच माझ्या लक्षात आले की पहाटे मी खाली यायच्या आत त्या मशीनमधली भांडी काढून पुन्हा धुतात. पेले, वाट्या, सगळे. धुऊन लगेच जुन्या सुती पंचाने कोरडे करून मांडून ठेवत. त्या एक शब्द बोलत नसत, आणि मला तेच जास्त लागत असे. मनात मी त्यांचे वाक्य स्वतःच रचले होते: सुनेचे घर म्हणजे बटण दाबायचे घर. दिवसभर नोकरी करून रात्री मशीन लावायचे आणि सकाळी ते नापास झालेले पाहायचे, असे माझे रोजचे चालले होते.

एका शनिवारी आमच्याकडे गणेशोत्सवाच्या तयारीची बैठक होती. आठ-दहा मंडळी येणार म्हणून मी मशीनमधले पेले ट्रेमध्ये मांडले. सासूबाईंनी पाहुण्यांदेखत तो ट्रे उचलला, सिंकमध्ये नेला आणि पेले धुऊ लागल्या. मी मागोमाग गेले आणि हळू आवाजात पण धारदार बोलले, "आई, माझ्या हातचं नाही, निदान मशीनचं तरी चालवून घ्या." त्यांनी पेले पुसले, ट्रे माझ्या हातात दिला आणि वर खोलीत निघून गेल्या. बैठकीत वर्गणीचा आणि मखराचा विषय निघाला, पण माझे लक्ष कशातच नव्हते.

मंडळी गेल्यावर मी स्वयंपाकघरात आले तर त्या कुकरपाशी उभ्या. शिट्ट्यांवर शिट्ट्या होत होत्या. काहीतरी बोलायचे म्हणून मी म्हणाले, "आई, डाळीला इतक्या शिट्ट्या?"

"इथलं पाणी जड आहे गं," त्या म्हणाल्या. "डाळ गळतच नाही. आमच्या खेड्यात बोअरच्या पाण्याचं असंच व्हायचं. चिमूटभर सोडा टाकावा लागतो. चहावर पण बघ, कसा तवंग येतो."

मी तिथेच उभी राहिले. चहावरचा तवंग मी रोज पाहत होते. किटलीच्या तळाचा पांढरा थर महिन्यातून एकदा खरवडत होते. डाळ बोटचेपी राहते म्हणून दुकानदाराला दोष देत होते. आणि पेल्यांवरची साय. या चारही गोष्टींचे कारण एकच होते, आणि ते मी दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिकात शिकवलेले होते.

"आई, मग तुम्ही बोलला का नाही?"

"मला वाटलं तुला ठाऊकच असेल. एवढी डॉक्टर झालीस ह्याच विषयाची. मी अडाणी तुला काय सांगू? आणि पेल्याला पांढरं दिसतं ते पोराच्या पोटात जाऊ नये म्हणून धुवत होते. तुझ्यावर राग नव्हता बाई."

माझ्या पदवीने दोन कामे केली होती. मला विचारायचे बंद केले होते आणि त्यांना सांगायचे. मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "आधी डाळ बघ."

रात्री खणातली ती पिशवी उघडली. आत पाणी तपासायची कागदी पट्टी होती, वर्षभर न फोडलेली. पट्टी नळाखाली धरली आणि तिच्यावरच्या साऱ्या चौकोनांचा रंग बदलला. पुढे पाणीपुरवठ्याकडे चौकशी केली तेव्हा आकडा कळला: लिटरला सुमारे 380 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे जर्मन मापाने 21 अंश. आपापल्या भागाचा आकडा इश्का एरन या पाणीपुरवठा कंपनीकडे विचारता येतो. ज्यांची स्वतःची विहीर आहे त्यांनी पाणी तपासूनच घ्यावे.

आता थोडे रसायनशास्त्र, संपादकांच्या समाधानासाठी. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असते. पाणी तापले की त्याचा चुना भांड्यांवर बसतो. शिवाय साबणातली द्रव्ये मळाऐवजी कॅल्शियमलाच धरून बसतात आणि भाताची शिते तशीच राहतात. डाळीतले पेक्टिनही कॅल्शियमने घट्ट होते, म्हणून ती गळत नाही. सासूबाईंचे पेले त्याच नळाच्या पाण्याने चकचकीत कसे निघत? कारण त्या लगेच पुसत. थेंब जागीच वाळला की पाणी जाते आणि चुना मागे राहतो.

मशीनच्या पोटात यासाठी राळेच्या बारीक मण्यांचा एक डबा असतो. हे मणी कॅल्शियम पकडून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मण्यांतले सोडियम संपले की मिठाचे पाणी त्यांच्यावरून फिरवून ते पुन्हा भरावे लागते. त्यासाठी ते मीठ, आणि म्हणून तो दिवा. पूर्वी गोळ्यांमध्ये फॉस्फेट भरपूर असे, ते कॅल्शियमला बांधून ठेवी. पण फॉस्फेटमुळे नद्या-तळ्यांत शेवाळ माजते, म्हणून युरोपीय संघाने 1 जानेवारी 2017 पासून घरगुती मशीनच्या साबणात फॉस्फरसवर एका वेळच्या मात्रेला 0.3 ग्रॅमची मर्यादा घातली. नियम योग्यच आहे. मात्र जड पाण्याच्या भागात मिठाचे महत्त्व त्यामुळे वाढले.

दुसऱ्या दिवशी सासूबाई आणि मी मिळून मशीन उघडले. खालची जाळी काढली, तर तिच्यात कढीपत्त्याचे देठ, जिरे आणि गाळ. पाणी उडवणारा फिरता हात सोडवून पाहिला, तर त्याच्या तीन भोकांत एकेक मोहरी, अगदी मापाने बसवल्यासारखी! "फोडणी खालीसुद्धा पोचली म्हणायची," असे म्हणून सासूबाई हसल्या. त्या शनिवारनंतर आम्ही दोघी प्रथमच एकत्र हसलो. टूथपिकने मोहरी काढली, मीठ भरले, पाण्याचा आकडा मशीनला सांगितला आणि मशीन रिकामेच सायट्रिक ॲसिड, म्हणजे आपले लिंबूसत्व, घालून एकदा चालवले. तिसऱ्या दिवशी पेले आरपार दिसू लागले.

आता अनुभवाचे चार शब्द.

भांडी नीट निघेनात तर आधी जाळी काढून धुवा, मग फिरत्या हाताची भोके पाहा. मशीन लावण्यापूर्वी हात बोटाने फिरवून पाहावा. उभा ठेवलेला डाव किंवा झारा त्याला अडतो आणि निम्मी भांडी कोरडीच राहतात.

मीठ डिशवॉशरचे जाड खडेच वापरा. जेवणातले बारीक मीठ गोळा होऊन बसते. मिठाच्या डब्यात चुकूनही साबण घालू नका. "सगळे एकात" असलेल्या गोळ्या हलक्या आणि मध्यम पाण्याला पुरतात, फार जड पाण्याला मीठ वेगळे लागतेच.

पेल्यावरच्या पांढऱ्या डागावर व्हिनेगरचा थेंब टाका. डाग गेला तर तो चुना. गेला नाही तर काच झिजली आहे, त्याला उपाय नाही.

ताटे खरकटे काढून ठेवा, पण विसळून लख्ख करू नका. साबणातली एन्झाइमे शितांतला स्टार्च आणि डाळीतले प्रथिन तोडण्यासाठीच असतात, त्यांना वेळ लागतो. अर्ध्या तासाचा घाईचा कार्यक्रम आपल्या जेवणाला पुरत नाही. वाट्या पालथ्या आणि तिरक्या ठेवाव्यात, एकीत एक घालू नयेत.

ॲल्युमिनियमचा कुकर मशीनमध्ये काळा पडतो. तांब्या-पितळेची भांडी, लोखंडी तवा आणि पोळपाट-लाटणे हातानेच धुवावे. प्लॅस्टिकच्या डब्याला लागलेली हळद मशीनला दाद देत नाही, कारण तिचा रंग पाण्यात विरघळत नाही. तो उन्हात उडतो. आयर्लंडमध्ये ऊन केव्हा पडेल हे मात्र रसायनशास्त्रात बसत नाही.

सासूबाई परत गेल्या त्याला आता बरेच दिवस झाले. अजूनही दर रविवारी फोनवर नातवाची चौकशी झाली की त्या विचारतात, "मशीनला मीठ घातलंस का?" घातलेले असते, तरी मी उठून एकदा दिवा पाहून येते आणि मग सांगते. बाकी कुशल. जाळीतल्या मोहरीवर कोणाला याहून चांगला उपाय सापडला असेल तर पुढच्या अंकात जरूर कळवावा.